हात-पाय-तोंडाचा आजार: काही स्ट्रेन मेंदूपर्यंत का पोहोचतात?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या एका ताईंच्या चार वर्षांच्या मुलाला जुलैत हँड-फूट-माउथ झाला. तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पुरळ, दोन दिवस ताप, आणि आठवड्याभरात पोरगा पुन्हा शाळेत. मागच्या आठवड्यात अमरावतीला त्यांच्या जाऊबाईंच्या दीड वर्षाच्या मुलाला ‘तोच’ आजार झाला. अंगावर फोड जेमतेम होते, पण तिसऱ्या दिवशी तो झोपेत दचकायला लागला, चालताना तोल जायला लागला आणि त्याला आयसीयूत ठेवावं लागलं. रिपोर्टमध्ये एंटेरोव्हायरस ए७१ आला. आता बाळ घरी आहे, बरं आहे. ताई विचारतात: आजार एकच, तर एवढा फरक कसा? काही स्ट्रेन, म्हणजे विषाणूचे उपप्रकार, मुळातच घातक असतात का? घरातल्या आठ महिन्यांच्या धाकटीची काही तपासणी करून घ्यावी का? आणि पोळ्याला अमरावतीला जावं की नाही?

ताई, नागपुरात लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करताना हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकू येतो, आणि तो विचारणारे आईवडील घाबरलेले असतात. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. हो, काही स्ट्रेन खरोखरच जास्त तीव्र आजार करतात. पण त्या स्ट्रेनची लागण झालेल्या बहुतेक मुलांनाही साधाच आजार होतो. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या दोन्हींच्या मधे आहेत.

हँड-फूट-माउथ हे एका विषाणूचं नाव नाही. एंटेरोव्हायरस नावाच्या मोठ्या कुटुंबातल्या ‘ए’ गटातले बरेच विषाणू हा आजार करतात. त्यातले आपल्याकडे नेहमी भेटणारे म्हणजे कॉक्सॅकी ए१६ आणि कॉक्सॅकी ए६. त्यांच्या जोडीला ए१० असतो, आणि अधूनमधून एंटेरोव्हायरस ए७१. २०२२ मध्ये केरळमधून ‘टोमॅटो फ्लू’ची बातमी आली आणि व्हॉट्सॲपवर भीती पसरली. तपासणीत तोही याच कुटुंबातला निघाला. तुमच्या मोठ्या मुलाची तपासणी झालेली नाही, म्हणून ठाम सांगता येणार नाही, पण आपल्याकडचं चित्र पाहता त्याला ए१६ किंवा ए६ झाला असण्याची शक्यता बरीच जास्त आहे. म्हणजे दोन भावंडांच्या फायलींवर निदान एकच लिहिलेलं असलं तरी त्यांना दोन वेगळ्या विषाणूंनी गाठलं असावं.

ए७१ पहिल्यांदा वेगळा केला गेला तो १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात, मेंदूज्वर झालेल्या एका बाळाच्या शौचातून. त्याची जरब जगाला कळली ती पुढे. १९७५ मध्ये बल्गेरियात आलेली साथ सुरुवातीला पोलिओचीच वाटली होती. तिच्यात ४४ जण गेले. आणि १९९८ मध्ये तैवानमध्ये जे घडलं त्याचे आकडे मी निवासी डॉक्टरांना दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते. त्या वर्षी तिथे हँड-फूट-माउथ आणि त्याचाच भाऊबंद असलेल्या हर्पॅन्जायनाचे (यात घशात फोड येतात) मिळून १,२९,१०६ रुग्ण नोंदले गेले. तीव्र आजार झाला ४०५ जणांना. मृत्यू ७८, त्यातली ७१ मुलं पाच वर्षांची किंवा त्याहून लहान. हिशेब केला तर हजारात साधारण तीन मुलं गंभीर झाली. विषाणू सापडलेल्या रुग्णांमध्ये ए७१ किती जणांत होता, तेही पाहिलं गेलं. मृत्यू झालेल्यांत ९२ टक्के, भरती होऊन वाचलेल्यांत ७५ टक्के. आणि ज्यांना बाह्यरुग्ण विभागातूनच औषध देऊन घरी पाठवलं होतं, ज्यांना काहीही गुंतागुंत झाली नाही, त्यांच्यातही ४८.७ टक्के.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. घरी खेळत बऱ्या झालेल्या जवळजवळ निम्म्या मुलांमध्ये तोच ‘घातक’ विषाणू होता. म्हणजे ए७१ असल्याने धोका वाढतो हे नक्की, पण त्यावरून एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही. त्याच सुमाराला मलेशिया, जपान आणि तैवानमधल्या साथींतले विषाणू शेजारी-शेजारी ठेवून तपासले गेले. काही मृत्यू झालेल्या मुलांचे, काही सहज बऱ्या झालेल्यांचे. त्यांच्यात ठळक असा फरक सापडला नाही. ‘घातक स्ट्रेन’ म्हणून एक वेगळा खलनायक असेल आणि तो पकडला की काम झालं, ही अपेक्षा तिथेच मोडली.

मग फरक कशाने पडतो? इथे थोडं आत शिरावं लागेल.

एंटेरोव्हायरसची सगळी जनुकीय माहिती सुमारे ७,४०० अक्षरांच्या एका आरएनए धाग्यात मावते. विषाणू पेशीत शिरला की या धाग्याच्या प्रती निघतात, पण प्रत काढणाऱ्या विकराला झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे जवळपास प्रत्येक नव्या प्रतीत एखादा बदल असतो. एका मुलाच्या घशात असतो तो एक विषाणू नसतोच. थोडेथोडे वेगळे असलेल्या लाखो विषाणूंचा तो जथा असतो. ही विविधता नुसती गंमत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोलिओच्या विषाणूचं हे विकर असं बदललं गेलं की त्याच्या चुका कमी होऊ लागल्या. अधिक अचूक विषाणू अधिक ताकदवान ठरेल असं आपल्याला वाटेल. झालं उलट. उंदरांमध्ये तो मेंदूपर्यंत पोहोचण्यात कमी पडला. रसायन वापरून त्याच्यात पुन्हा विविधता आणली, तेव्हा त्याची ती क्षमता परत आली. म्हणजे तीव्रता ही एखाद्या विषाणूकणाच्या अंगात असते तशीच ती सगळ्या जथ्यातही असते. आणि एकाच पेशीत दोन जवळचे एंटेरोव्हायरस शिरले तर ते आपापल्या धाग्याचे तुकडे अदलाबदल करतात. ए७१ चे काही उपप्रकार अशाच सरमिसळीतून तयार झालेले आहेत.

यातला कोणता बदल घातक? सगळ्यात स्वच्छ उत्तर पोलिओनेच दिलेलं आहे. पोलिओ हाही एंटेरोव्हायरसच. त्याच्या तीन प्रकारांपैकी टाइप १ ची लागण झालेल्या साधारण २०० पैकी एकाला लकवा व्हायचा, टाइप २ मध्ये साधारण २,००० पैकी एकाला. एकाच विषाणूचे भाऊ, आणि दहापट फरक. आपण पल्स पोलिओला तोंडात दोन थेंब टाकतो त्या लशीत शास्त्रज्ञ साबिन यांनी कमजोर केलेले विषाणू असतात, आणि ते कमजोर का आहेत हे पुढे अक्षरागणिक शोधलं गेलं. टाइप १ मध्ये ४८० वं अक्षर, टाइप २ मध्ये ४८१ वं, टाइप ३ मध्ये ४७२ वं. हे बदल विषाणूच्या कोणत्याही प्रथिनात नाहीत. ते धाग्याच्या सुरुवातीच्या, वळ्या पडलेल्या भागात आहेत. पेशीचं प्रथिनं बनवणारं यंत्र आपल्या कामाला जुंपायचं, हे त्या भागाचं काम. तिथे एक अक्षर बदललं की चेतापेशीत विषाणूचं उत्पादन मंदावतं, पण आतड्यात तो बऱ्यापैकी वाढत राहतो. म्हणून लस घेतलेल्या बाळाला प्रतिकारशक्ती मिळते, लकवा जवळजवळ कधीच होत नाही. आणि टाइप ३ चं ते अक्षर बाळाच्या आतड्यात काही दिवसांतच मूळपदावर येऊ शकतं, हेही दिसलेलं आहे. सौम्य आणि तीव्र यांच्यातली भिंत किती पातळ असू शकते याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

ए७१ मध्ये गोष्ट एवढी सरळ नाही. त्याला पेशीत शिरायला स्कार्ब२ नावाचा ग्राहक, म्हणजे विषाणूला पकडून आत घेणारा पेशीचा रेणू, लागतो. तो २००९ मध्ये सापडला. चेतापेशींवर हा ग्राहक असतो, म्हणून विषाणू मेंदूत जातो, असं स्पष्टीकरण तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. मला ते अपुरं वाटतं. कारण कॉक्सॅकी ए१६ देखील तोच स्कार्ब२ वापरतो, आणि तो मेंदूत क्वचितच जातो. दार एकच असताना एक आत जातो आणि दुसरा बाहेर थांबतो, तर कारण दारात नाही, दारापर्यंतच्या वाटेत आहे.

त्या वाटेबद्दलचा एक धागा विषाणूच्या बाहेरच्या कवचात सापडला आहे. कवचातल्या व्हीपी१ नावाच्या प्रथिनात १४५ व्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे, यावरून विषाणू आपल्या पेशींवरच्या हेपरान सल्फेट या साखरेच्या साखळ्यांना किती घट्ट चिकटतो ते ठरतं. या साखळ्या शरीरात जिथे-तिथे असतात. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवताना जास्त चिकटणारा विषाणू जोमाने वाढतो, म्हणून तोच घातक असणार असं कुणालाही वाटेल. पण माकडांवरच्या प्रयोगात उलट दिसलं. फार चिकट विषाणू रक्तातून लवकर नाहीसा झाला. कमी चिकटणारा रक्तात टिकला आणि त्यानेच चेतासंस्थेची लक्षणं दाखवली. पावसाळ्यात बांधावरून चालताना कुसळ पहिल्याच धोतराला चिकटलं तर ते पुढच्या शेतात जात नाही, तसंच हे. ज्याला लांब जायचं आहे त्याने वाटेत अडकून चालत नाही. एवढंच नव्हे, चिकट विषाणू टोचलेल्या माकडांत पुढे जो विषाणू मिळाला, त्यात १४५ वी जागा बदलून कमी चिकट झालेली होती. शरीराच्या आतच निवड होत होती.

मात्र एवढ्यावरून नियम बांधू नये. प्रतिकारशक्ती दबलेल्या एका रुग्णात याच व्हीपी१ च्या ९७ व्या जागी बदल झालेला विषाणू सापडला, तो हेपरान सल्फेटला चिकटणारा होता आणि तरी शरीरात खोलवर पसरला होता. ज्याचं शरीर विषाणूला आवरू शकत नाही तिथे चिकटपणाचा तोटा त्याला बहुधा भोवत नाही. तेच अक्षर कुणाच्या शरीरात आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘या म्युटेशनचा (जनुकीय बदलाचा) विषाणू घातक’ अशी यादी छापून दवाखान्यात लावता येत नाही ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना सांगितली की त्यांना बरं वाटतं. मेंदूत शिरून विषाणूला काही मिळत नाही. तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो ते घशातून, फोडांतल्या पाण्यातून आणि मुख्यतः शौचातून. मेंदूत गेलेला विषाणू तिथेच संपतो. म्हणजे निसर्ग त्याला अधिक क्रूर व्हायला शिकवत नाही आहे. त्याला घसा आणि आतडं जिंकायचं असतं. त्या ओढाताणीत काही स्ट्रेनमध्ये असे गुण जमून येतात की ते चुकीच्या वाटेनेही जाऊ शकतात. म्हणून एखाद्या वर्षी उठलेला घातक उपप्रकार पुढच्या साथीत मागे पडतो आणि दुसराच पुढे येतो. तैवानमध्ये १९९८ ला सी२ होता, दोनच वर्षांनी बी४ आला.

आता शरीराची बाजू. इथे माझं मत ठाम आहे: आपण स्ट्रेनवर जितकं बोलतो त्याच्या निम्मंही वयावर बोलत नाही. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचं संरक्षण साधारण सहा महिन्यांत ओसरतं. त्यानंतर तीन वर्षांपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. अमरावतीचं बाळ दीड वर्षाचं आहे, तुमचा मुलगा चार वर्षांचा. दोघांना अगदी एकच ए७१ झाला असता तरी दीड वर्षाच्या बाळाला जास्त धोका होता. त्यात मोठ्या मुलाला प्लेस्कूलमध्ये आधी कुठला तरी एंटेरोव्हायरस होऊन गेलेला असू शकतो. अशी कितीतरी लागण नुसत्या एक दिवसाच्या तापावर निभावते. पण एक लक्षात ठेवा, एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकारापासून भरवशाचं संरक्षण देत नाही. जुलैत ए१६ होऊन गेला म्हणजे मोठ्याला ए७१ होणारच नाही, असं नाही.

नागपूरकर म्हणून इथे चांदीपुराचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण हाच प्रश्न आपल्या दारात पूर्वी उभा राहिलेला आहे. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांना रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि त्याला चांदीपुरा हे नाव मिळालं. कुटुंब पूर्ण वेगळं, पसरतो तो सँडफ्लायच्या (वालुमाशीच्या) चाव्यातून. तेव्हा तो साध्या तापाचा विषाणू वाटला आणि जवळजवळ चार दशकं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ गेली. २००७ मध्ये आपल्या नागपूर विभागात मेंदूज्वराच्या ७८ मुलांची नोंद झाली, त्यातल्या निम्म्यांमध्ये चांदीपुरा होता. २०२४ मध्ये गुजरातमध्ये पुन्हा मोठा उद्रेक झाला. विषाणू बदलला, की आपण मुलांमध्ये पूर्वी शोधलाच नव्हता? काही जनुकीय बदल झालेले दिसले, पण मला दुसरी शक्यताही तेवढीच वजनदार वाटते. गावातल्या मातीच्या घरात रात्रीतून झटके येऊन गेलेल्या लेकराचा नमुना त्या काळात कोण घेत होतं? एखादा स्ट्रेन ‘नव्याने घातक’ झाला असं ऐकलं की मी आधी हे विचारते, की यापूर्वी मोजत कोण होतं.

परत ए७१ कडे. तो मेंदूत गेला की बहुधा मेंदूच्या बुडाशी, ब्रेनस्टेममध्ये जातो. श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणारी केंद्रं तिथे आहेत. ती बिघडली की शरीरात अचानक ताणाच्या संप्रेरकांचा पूर येतो, हृदय दमतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. तैवानमध्ये गेलेल्या ७८ जणांपैकी ६५ जणांना फुप्फुसात पाणी किंवा रक्तस्राव झाला होता. हे काही तासांत घडू शकतं. म्हणून तुमच्या जाऊबाईंनी दचकणं ओळखून बाळाला लगेच नेलं, हे फार मोलाचं झालं. माझ्या वतीने त्यांना तसं सांगा.

आणि याच ठिकाणी पालकांची सगळ्यात जास्त फसगत होते. फोड जास्त म्हणजे आजार जास्त, असं डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात कॉक्सॅकी ए६ मध्ये मांड्या, कुल्ले, कोपर, तोंडाभोवती एवढे मोठे फोड येतात की आजीला ‘देवी आल्या’ वाटतं; महिना-दोन महिन्यांनी नखंही गळतात, आणि नवी येतात. दिसायला भयंकर, पण त्यात मेंदूला सहसा धक्का लागत नाही. उलट ए७१ मध्ये पुरळ बारीक आणि तुरळक असू शकतं. मी भरती केलेल्या गंभीर मुलांपैकी कितीतरी जणांचे तळपाय नीट उजेडात धरून पाहावे लागले, तेव्हा कुठे दोन-चार ठिपके दिसले. कातडी पाहून मेंदूचा अंदाज बांधू नका.

पाहायचं काय, तर आजाराच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी मूल कसं आहे ते. ताप १०२ च्या वर आणि तिसऱ्या दिवशीही हटत नाही. डोळा लागता-लागता मूल वारंवार दचकतं, हात-पाय झटकतं. एखाद-दुसऱ्या वेळी दचकणं सगळ्याच बाळांमध्ये असतं. तासात चार-पाचदा होऊ लागलं तर ते वेगळं. बसताना डुलतं, चालताना झोकांड्या जातात, हात थरथरतात. सारखी उलटी होते. ताप उतरलेला असतानाही मूल मलूल राहतं, नजर देत नाही. थंड घाम, हातपाय गार, श्वास भरभर. यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मेडिकल, मेयो, एम्स किंवा मुलांचं आयसीयू असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट पाहू नका. सलाईनच्या बाबतीत तर विशेष सांगते: या मुलांना भसाभस पाणी दिलं तर फुप्फुसांवरचा भार वाढू शकतो. किती द्यायचं ते हृदयाकडे पाहून ठरवावं लागतं, आणि ते आयसीयूतच नीट होतं.

या विषाणूला मारणारं मान्यताप्राप्त औषध आज हातात नाही. प्रतिजैविकांचा उपयोग नाही. पुरळ आणि ताप लवकर जावा म्हणून काही जण स्टिरॉइड देतात, ते मी देत नाही आणि तुम्हीही सुरुवातीच्या दिवसांत देऊ देऊ नका. चीनमधल्या रुग्णांच्या नोंदींत स्टिरॉइड मिळालेल्या मुलांत आजार तीव्र होण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. ॲस्पिरिन तर मुळीच नको. पॅरासिटामॉल पुरे, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तासांचं अंतर. बाटलीवर १२५ लिहिलंय की २५० ते वाचूनच मोजा. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि घाईत दुप्पट डोस जातो.

धाकटीची तपासणी? ती ठणठणीत असेल तर काहीच करू नका. तिला उद्या फोड आले, तरीही ती दूध पीत असेल, हसत असेल तर स्ट्रेन शोधायला नमुना पाठवण्याचा आग्रह मी धरणार नाही. ए७१ आला तरी घरच्या घरी जे करायचं ते बदलत नाही, आणि ए१६ आला म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवायचं सोडता येत नाही. चेतासंस्थेचं कुठलंही लक्षण दिसलं तर मात्र तपासणी हवीच. तेव्हा घशाचा आणि शौचाचा नमुना पाठवायला सांगा. नुसत्या पाठीच्या पाण्यात ए७१ बऱ्याचदा सापडत नाही. हे नमुने एका मुलापलीकडेही उपयोगी पडतात. यंदा शहरात कोणता प्रकार फिरतो आहे हे कळलं तर आम्हाला किती सावध राहायचं ते ठरवता येतं. भारतात सापडलेले ए७१ चे डी आणि जी हे उपप्रकार लकवाग्रस्त मुलांच्या शौचाचे नमुने पोलिओसाठी नियमित तपासले गेले म्हणून तर ओळखता आले. विदर्भात हँड-फूट-माउथसाठी अशी नियमित तपासणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

लशीबद्दलही विचारलं जातं. चीनमध्ये २०१५ च्या अखेरीस ए७१ विरुद्धच्या लशीला मान्यता मिळाली, मोठ्या चाचण्यांत ती ए७१ मुळे होणाऱ्या आजारापासून ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण देणारी ठरली. ए१६ किंवा ए६ वर ती चालत नाही. आपल्याकडे ती उपलब्ध नाही.

राहिलं पोळ्याचं. अमरावतीचं बाळ बरं झालं असलं तरी त्याच्या शौचातून विषाणू पुढचे काही आठवडे बाहेर पडत राहील. तैवानमधल्या कुटुंबांचा अभ्यास झाला होता, त्यात घरात एकाला ए७१ झाल्यावर भावंडांपैकी ८४ टक्क्यांना लागण झाली, चुलत-मावस भावंडांतही जवळपास तेवढ्यांनाच. मोठ्या माणसांनाही लागण होते, पण त्यातल्या निम्म्यांना काहीच लक्षणं नसतात. म्हणून यंदाच्या पोळ्याला आठ महिन्यांच्या धाकटीला घेऊन तिकडे जाऊ नका. जाऊबाई नाराज होणार नाहीत, त्या आता हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. घरातलं कुणी एकटं भेटायला जाऊन आलं तर आल्याबरोबर साबणाने हात धुऊन, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावं. हातावर सॅनिटायझर चोळून भागत नाही. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर नीट चालत नाही. लंगोट बदलल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्याआधी साबण-पाणी, खेळणी आणि फरशीला ब्लीचचं पातळ पाणी.

मोठ्याला तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मोहल्ल्यात खुशाल पाठवा, तो बरा झालेला आहे. फक्त त्याचं उष्टं धाकटीला जाऊ देऊ नका आणि घरी आल्यावर आधी त्याला मोरीत पाठवा. धाकटीला ताप आलाच तर अंगावरचं दूध चालू ठेवा, तोंडात फोड असतील तर थंड दही किंवा पातळ खिचडी थोडी-थोडी द्या, लघवी दिवसातून किती वेळा होते ते पाहा. आणि ती झोपेत दचकते आहे असा संशय आला तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून तो घेऊनच निघा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल जागं होतं आणि दचकणं थांबतं, पण तो व्हिडिओ पाहून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना भरती करायचं की नाही ते तिथल्या तिथे ठरवता येतं.